दावा क्रमांक चार

९ जानेवारी

आदरणीय संशोधक मॅडम,

हुद्दा चुकला असेल तर माफ करा. छापील कागदावर होता तसाच उतरवला आहे. गेल्या अकरा वर्षांत तुम्ही काय काय झालात, हे मला त्या कागदावरूनच कळलं.

कागद एकतीस पानांचा आहे. गेल्या महिन्यात आमच्या वकीलबाई तो घेऊन दवाखान्यात आल्या. बाई कसल्या, मोफत कायदा-मदत केंद्रातली सत्तावीस वर्षांची मुलगी आहे. विचार करताना पेनाचं टोपण चावते. मी ड्रेसिंगच्या खोलीत कात्र्या उकळायला टाकल्या होत्या. म्हणाली, "काकू, आधी बसा. मग वाचा." बसायला तेच स्टूल आहे, आखूड पायाचं. मी इथे नोकरीला लागले त्या वर्षी तुम्ही त्यावरून पडला होतात आणि उठून स्टुलालाच लाथ मारली होतीत. त्याच्या पायाखाली अजून पुठ्ठ्याची घडी आहे. पुठ्ठा बदलतो, स्टूल तेच.

'भाजलेल्या त्वचेसाठी सालीचा लेप आणि तो बनवण्याची पद्धत.' शोध लावणारे तीन जण. पहिली दोन नावं मी कधी ऐकली नाहीत. तिसरं तुमचं.

शोध! उतारावरच्या झाडांची साल सावलीच्या अंगाने काढायची, चार बोटं रुंद, तेवढीच. वाळवायची, कुटायची, राख पाण्यात उकळून वर येणाऱ्या निवळीत भिजवायची. कोळशाच्या भट्ट्यांवर पोळलेल्या आपल्या माणसांना आपल्या बायका हा लेप कधीपासून लावतात, ते मावशीलाही सांगता येत नाही, आणि मावशी आता ऐंशीची आहे. तुमच्या कागदात एक रकाना आहे, 'हे ज्ञान कोठून मिळाले?' त्यापुढे लिहिलंय, 'ग्रंथ व प्रयोगशाळेतील निरीक्षणे.' मावशीला मी ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी ग्रंथ कधी झाले गं?"

हसण्यासारखं त्यात एवढंच होतं. पेटंटचा अर्ज दाखवून तुमच्या कंपनीने वनखात्याकडून सालीचा परवाना मिळवला. त्यांची माणसं अंगातला सदरा उतरवावा तशी झाडाची साल चहूबाजूंनी सोलून नेतात. असं झाड सहा महिन्यांत मरतं. मी रविवारी उतारावर जाऊन मोजली. एक्केचाळीस. आणि चार बोटं साल काढायची तर आम्हाला अर्ज करावा लागतो. कारकून विचारतो, "कशासाठी हवी?"

आम्ही पेटंटला हरकत घेतली आहे. सुनावणी बावीस एप्रिलला. पेटंट नाकारलं गेलं तर परवानाही जाईल. दिलं गेलं तर उतार जाईल. तुम्ही तिथे येऊन एवढंच सांगायचं आहे, की हे मला घरून मिळालं. एक वाक्य. एवढ्या मोठ्या हुद्द्याच्या बाईला एक वाक्य खरं बोलायला किती वेळ लागतो?

हरकतदार क्रमांक दोन

(क्रमांक एक मावशी आहे. तिने अंगठा दिला आहे.)


३० जानेवारी

तुम्ही-आम्ही पुरे झालं. माझाच हात दुखायला लागला.

तुझं उत्तर आलं नाही. कंपनीच्या कायदा विभागाचं आलं. 'आमच्या कर्मचाऱ्याशी थेट संपर्क साधू नये.' कर्मचारी! तुला न्हाऊ घातलंय मी. तुझ्या केसांतल्या उवा काढल्यात. तेव्हा कुठल्या विभागाची परवानगी घेतली नव्हती. तेव्हा हे पत्र मी तुझ्या ऑफिसात नाही, घरी पाठवते आहे. पत्ता वकीलबाईने शोधला. त्यांना कळवायचं असेल तर खुशाल कळव.

तुमचे लोक हुशार आहेत, हे मान्य करते. आमची हरकत वाचून त्यांनी अर्जातल्या चार दाव्यांपैकी पहिले तीन मागे घेतले. साल, तिची पूड, राखेची निवळ, सगळं म्हणे जुनंच आहे, तुमचं तुम्हाला लखलाभ. ठेवला फक्त दावा क्रमांक चार. राखेच्या निवळीऐवजी चहाच्या पानांचा दाट काढा, बिनसाखरेचा, गार केलेला. त्याने लेप झोंबत नाही आणि कातडी लवकर धरते. हा म्हणे खरा शोध. हा एक दावा टिकला तरी परवाना टिकतो.

वकीलबाईने मला केसपेपरच्या पाठीवर दोन चौकोन काढून समजावलं. "काकू, कायद्यात दोन दारं आहेत. पहिलं दार, ही गोष्ट लोकांना आधीपासून माहीत होती. दुसरं, ही गोष्ट दुसऱ्या कोणाकडून तरी घेतली, खरा शोधणारा वेगळाच आहे. तीन दावे पहिल्या दाराने बाहेर गेले. चौथा तिथून जात नाही."

का जात नाही, ते तुला ठाऊक असणार. तुमच्याच उत्तरात सहाव्या पानावर आहे. दोन वर्षांपूर्वी सरकारी नोंदणीची माणसं आली होती, डोंगरातल्या लोकांचं ज्ञान लिहून ठेवायला, म्हणजे पुढे कोणी चोरू नये. मावशीच्या घरी आम्ही नऊ बायका बसलो होतो. मावशीने प्रमाण सांगितलं नाही, पण काय घालतो आणि काय घालत नाही ते सांगितलं. त्यांच्यातल्या एका पोराने यादीवर बोट ठेवून विचारलं, मध? तेल? हळद? चहा? मावशी म्हणाली, "चहा? चहा पितात, लावत नाहीत. चहा लावणारी आमच्यात अजून जन्माला यायची आहे!" आणि सगळ्या हसल्या. तेही नोंदलंय, कंसात, 'सर्व हसतात'. आपल्या बायकांना आपल्या कामाचा ताठा आहे. जे करत नाही ते करतो म्हणायचं नाही, मग कोणी कितीही विचारो. तोच ताठा तुमच्या वकिलांनी उचलून पुरावा म्हणून लावला. हे लोक स्वतःच सांगतात की चहा आमचा नाही, मग तो आमचाच.

वकीलबाईने मला विचारलं, "तुम्ही होतात ना तिथे? तुम्हीही हसलात?"

मी म्हटलं, हसले.

चहा तुला कुठे सुचला, हे मी विचारत नाही. तूही लिहू नकोस.

हरकतदार क्रमांक दोन


२१ फेब्रुवारी

तुझी चिठ्ठी मिळाली. सात ओळी. पुढेमागे दुसऱ्या कोणी वाचलं तर घोळ नको, म्हणून त्या इथे जशाच्या तशा उतरवते:

'मला कोणी हात धरून शिकवलं नाही. मला जे मिळालं ते टपालाने मिळालं. सालीचा प्रयोग फसत होता. निवळीने कातडी सोलवटत होती आणि सगळा विभाग बंद करणार होते. बैठकीत माझ्या तोंडून चहा निघून गेला. तुझं पत्र माझ्याकडे आहे. हवं असेल तर माग. पण मागताना मावशीला काय सांगशील, ते आधी ठरव. आणि ते पत्र आठव्या दिवशी पोचलं होतं. तोवर जखम चिघळली होती.'

तोंडून निघून गेला! आणि अर्जावरची सही, ती काय हातून निघून गेली? ज्ञान कोठून मिळाले, त्या रकान्यात ग्रंथ लिहिताना पेन घसरलं का? तू लहानपणापासून अशीच. कप तू फोडायचास आणि म्हणायचीस, फुटला.

पण एक गोष्ट तू बरोबर लिहिलीस, आणि मला ती आठ दिवस गिळता आली नाही. तुला शिकवलं नाही.

लेप सांगून शिकवत नाहीत, लिहून तर नाहीच. खलात मुलीचा हात, त्यावर शिकवणारीचा हात, आणि कुटायचं. पूड केव्हा झाली ते तळव्याला कळलं पाहिजे. आईने माझा हात असाच धरला. तू सोळा वर्षांची असताना खलापाशी येऊन बसलीस, बाही वर केलीस आणि म्हणालीस, "आता माझा धरा." मावशी म्हणाली, "तू उद्या वसतिगृहात जाणार. तिथे चार जणी विचारतील, तू चार जणींना सांगशील. शिकलेल्या मुलीचं तोंड उघडं असतं." आईने खलात आणखी साल टाकली. तू माझ्याकडे पाहिलंस. मी कुटत राहिले.

एवढं मी मान्य करते. त्याबद्दल तू माझ्या नावाने काय हवं ते बोल. पण त्याची भरपाई म्हणून एक अख्खा उतार? तिथल्या एक्केचाळीस झाडांनी तुझा हात धरायला नकार दिला होता का? आता ती बावन्न झाली आहेत.

आणि धमकी कोणाला देतेस? लेप लिहिणाऱ्या बाईचं काय होतं, हे सांगून तू मला घाबरवणार? मनगटाला पट्टी बांधतात. मग तिने जन्मभर खलाला हात लावायचा नाही. माझ्या आठवणीत अशी एकच झाली, मावशीच्या आतेबहिणीची सून. म्हातारी होऊन गेली, पण पोळलेलं मूल समोर आलं की ती हात मागे बांधून उभी राहायची. ते मी पाहिलंय. तू नाही.

मी पत्र मागत नाही. ठेव. उशाखाली ठेव.


१४ मार्च

आज खाली सही करायची की नाही, अजून ठरलेलं नाही. बघू.

मावशीचे हात आता थरथरतात. परवा तिने भरलेला खल माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "आता तुझा. मी नुसती बघणार." बाकीच्या बायकांपैकी तिघींना बरं जमतं, पण निवळ केव्हा उतरवायची ते त्या माझ्या तोंडाकडे बघून ठरवतात. सत्तावीस वर्षांत मी दुसरं काही नीट केलं नाही. लग्न टिकलं नाही, तुझ्याशी पटलं नाही, दवाखान्यात पट्ट्या बांधण्यापलीकडे बढती नाही. हे एक येतं.

काल वकीलबाई आली होती. म्हणाली, "काकू, दुसऱ्या दाराने जायचं तर एक माणूस लागेल. ज्याच्याकडून कंपनीने चहा घेतला, तो माणूस. तो उभा राहून म्हणाला पाहिजे की हे माझं आहे. असं कोणी आहे का?" मी ट्रेमधला कापूस पुन्हा पुन्हा रचत होते. म्हटलं, नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि टोपणाचा तुकडा तिच्या दातात तुटला.

तेव्हा तुझ्या आठव्या दिवसाचा हिशेब तुला देते. तू तो सत्तावीस वर्षं चुकीचा मांडला आहेस.

तुझं पत्र मला तिसऱ्या दिवशी मिळालं. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात उकळत्या पाण्याचं भांडं मांडीवर उलटलं, कोणाला सांगितलं तर घरी पाठवतील आणि परीक्षा बुडेल, आईला कळवू नकोस, लेप पाठव. अक्षर तिरकं झालं होतं, तू पडून लिहिलं होतंस. सालीची पूड मी टाल्कम पावडरच्या रिकाम्या डब्यात भरली. पण निवळ कशी पाठवू? ती त्याच दिवशीच्या राखेची लागते, आणि तुमच्याकडे गॅसच्या शेगड्या. राख कुठून आणशील? मी विचार करत बसले. लेप जिभेला लावला की जीभ आवळते. आणखी कशाने आवळते? समोर दवाखान्यातला कोरा चहा होता, उकळून उकळून काळा झालेला.

पण तुझ्या मांडीवर मी अंदाजाने काही लावायला सांगणार नव्हते. सुया उकळायच्या डब्याचं झाकण तापलेलं होतं. ते मी डाव्या हाताला आतल्या बाजूने दोनदा टेकवलं, चार बोटांच्या अंतराने. मनगटाकडच्या डागावर निवळीचा लेप, कोपराकडच्या डागावर चहाचा. तीन दिवस थांबले. सगळ्यांना सांगितलं, झाकण निसटलं. तिसऱ्या दिवशी कोपराकडची लाली उतरली, मनगटाकडची तशीच होती. मग लिहिलं. बाह्यरुग्ण विभागाच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं, कारण दुसरा कागद घ्यायला उठले असते तर लिहिलं नसतं. 'कोरा चहा, दाट. साखर नको. गार झाल्यावरच.' आणि 'उशीर झाला म्हणून रागावू नकोस.' उशीर का झाला ते नाही लिहिलं. तू रडली असतीस, आणि तुझी परीक्षा होती.

तू म्हणतेस, तोवर चिघळली होती. मला वाटत होतं वेळेत पोचलं. डाग अजून आहे का?

तेव्हा ऐक. त्या नोंदणीच्या दिवशी चहा लावणारी जन्माला यायची आहे म्हणून सगळ्या हसल्या, तेव्हा ती मावशीच्या उजव्या हाताला बसली होती. तोंड उघडलं असतं तर तुमचा चौथा दावा तिथेच मेला असता. मी खलासाठी गप्प बसले. तीन महिने मी तुला चोर म्हणत होते, आणि दाराची कडी आतून मीच काढून ठेवली होती.

म्हणून तू कमी चोर होत नाहीस. हे लक्षात ठेव. मी तुला ते जखम भरायला पाठवलं होतं, अर्ज भरायला नाही.

सही राहू दे.


९ मे

भिंगरी,

निकाल काल आला. दावा क्रमांक चार नाकारला. 'सदर पद्धत अर्जदारांनी अन्य व्यक्तीकडून प्राप्त केल्याचे सिद्ध होते.' ती अन्य व्यक्ती म्हणजे मी. परवाना रद्द व्हायला अजून महिना जाईल, पण सोलणाऱ्यांना थांबवलंय. एकोणसाठवर थांबली मोजणी.

तू आली नाहीस. तिथे काय झालं ते तुला तुमच्या लोकांनी त्यांच्या पद्धतीने सांगितलं असेल. आता माझ्याकडून ऐक.

तिसऱ्या मजल्यावरची खोली. एसीचं पाणी प्लास्टिकच्या बादलीत ठिबकत होतं. कंपनीचे तीन वकील चाकाच्या बॅगेतून फायली घेऊन आले. मावशीने दारातच विचारलं, "चपला काढायच्या का?" आणि त्यांच्यातल्या एकाने हसू दाबलं. मी ठरवून गेले होते, की काही बोलायचं नाही. हो, ते सगळं तुला लिहूनसुद्धा. लिहिणं वेगळं आणि मावशीच्या शेजारी बसणं वेगळं.

मग अधिकारीबाईंनी एक पाकीट काढलं. म्हणाल्या, सकाळीच टपालाने आलंय. वर पाठवणाऱ्याच्या जागी तुझं पूर्ण नाव, पत्ता, सगळं. आत जुनं पाकीट, सत्तावीस वर्षांपूर्वीच्या शिक्क्याचं. आणि बाह्यरुग्ण विभागाची चिठ्ठी.

त्यांनी ती उजेडात धरली. वर भोक, खाली भोक. तुझं नाव जिथे होतं तिथून आणि माझी सही जिथे होती तिथून कागद कापलेला. कैचीने, अक्षराच्या कडेकडेने, पुढच्या ओळीतलं एकही अक्षर तुटू न देता. खालच्या भोकातून अधिकारीबाईंचं बोट दिसत होतं.

तुमचे मोठे वकील उठले. "मॅडम, हा कागद कोणी लिहिला, काही कळत नाही. पाठवणारी आमचीच नाराज कर्मचारी आहे. तिने स्वतःच लिहिला नसेल कशावरून? जुनं पाकीट काय, कोणाच्याही घरात सापडतं."

अधिकारीबाईंनी विचारलं, "लिहिणारी व्यक्ती इथे आहे का?"

वकीलबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला केव्हाच कळलं असणार. ती नव्या पेनाचं टोपण चावत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. आणि मी त्या भोकाकडे. स्वतःचं नाव पत्त्यासकट लिहिलंस, नोकरी गेली तर जाऊ दे म्हणून. आणि माझं कापून ठेवलंस. मला आठव्या दिवसाचे टोमणे मारणारी, मावशीला काय सांगशील म्हणून दरडावणारी तू, कैची घेऊन बसलीस आणि माझा खल वाचवलास. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं, एवढी सोय तू केली होतीस. फक्त दावा टिकला असता.

मी उठले. खुर्चीचा आवाज झाला. म्हटलं, "मी लिहिलंय."

मावशीने मान वळवली. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर बसले असते. वकील म्हणाला, "कशावरून?" अधिकारीबाईंनी कागद-पेन पुढे केलं, तेवढ्या ओळी लिहून दाखवा म्हणाल्या, चिठ्ठी न बघता. मी लिहिल्या. सत्तावीस वर्षांत माझं अक्षर सुधारलं नाही, ते कामी आलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. मग मी बाही वर केली. वकील म्हणाला, "डागावर तारीख नसते." अधिकारीबाई म्हणाल्या, "नसते. पण तुमच्या अर्जात निवळीच्या आणि चहाच्या जखमेतला फरक बावीस पानं समजावून सांगितलाय, आणि या बाईंच्या हातावर तो चार बोटांत आहे."

बाहेर आल्यावर मावशी जिन्यात बसली. तिथेच, तिसऱ्या पायरीवर. लोकांना तिला वळसा घालून जावं लागत होतं. मी खालच्या पायरीवर उभी राहिले. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "हात."

मी दिला. तिने डोळे बारीक करून दोन्ही डागांवरून अंगठा फिरवला. पहिल्यांदा मनगटाकडच्या, मग कोपराकडच्या. पुन्हा मनगटाकडच्या.

"हा कशाचा?"

"निवळीचा."

"आणि हा चहाचा? झोंबलं नाही?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही, मावशी."

तिने माझा हात उजेडाकडे वळवला. मग म्हणाली, "चहाचा बरा आहे," जणू भाजी निवडत होती. आणि हातरुमाल काढला, दातांनी कड फाडली, पट्टी काढली आणि माझ्या उजव्या मनगटाला बांधली. तिचे हात थरथरत होते, गाठ दोनदा सुटली. दुसऱ्यांदा सुटल्यावर मीच टोक धरून दिलं.

वकीलबाई रडली. म्हणाली, "आजी, तिने तुमचा उतार वाचवला!" मावशी म्हणाली, "म्हणून तर सैल बांधलीय."

पंधरा दिवस झाले. मी खलाजवळ जात नाही. परवा भट्टीवरचा एक माणूस पोळून आला, अर्धा दंड गेलेला. मी हात पाठीमागे घेऊन उभी राहिले आणि मला ती म्हातारी आठवली. त्या तिघींनी लेप केला. माझ्या तोंडाकडे बघत केला, आणि तोंड बांधलेलं नाही, म्हणून मी मान हलवली. पण निवळ उशिरा उतरवली. तो माणूस ओरडला. मावशी कोपऱ्यातून म्हणाली, "त्या दुसरीला बोलाव. तिचे हात तरी मोकळे आहेत."

मी म्हटलं, "ती चोर आहे."

"आणि तू फितूर. मग आता कोण उरलं?"

हे तिचे शब्द आहेत, माझे नाहीत. मी तुला माफ केलेलं नाही. एकोणसाठ झाडं आहेत, ती मी रोज कामावर जाताना बघते, आणि तू आलीस की तुलाही रोज तिथूनच नेणार आहे. नोकरीचं काय झालं ते तू कळवलं नाहीस, वकीलबाईने कळवलं. विभागच बंद केला म्हणे. तेव्हा तुला वेळ असेल.

ये. मावशी हात धरेल म्हणते. तिचा हात थरथरतो, पण धरला की थांबतो, मी पाहिलंय. ती ऐंशीची आहे, तेव्हा फार विचार करत बसू नकोस. स्टुलावर बसताना आधी पुठ्ठा बघ.

कागदाचे ते कापलेले दोन तुकडे तू टाकले नसशील. येताना घेऊन ये. आणि डाग अजून आहे का, ते मी विचारलं होतं. उत्तर आलेलं नाही.

तुझी
ताई